खालच्या मजल्यावरची झोप

रविवार, ५ जानेवारी
एका घोर अन्यायाची नोंद करून ठेवतो. सबवूफरच्या खोक्यात सहा भाषांतलं माहितीपत्रक आहे, थर्माकोल आहे, ओल शोषणारी पुडीसुद्धा आहे. फक्त अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची वायर नाही. भिवंडीतल्या नव्या घरात पहिलाच दिवस, आणि मी वायरीपायी धामणकर नाक्यावर धक्के खात फिरलो. पण ती जोडली, तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं, आणि डग्ग्याच्या पहिल्याच थापेला फरशी पायाखाली गुरगुरली. अन्याय माफ.

बुधवार, ८ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या ठमाबाई वर आल्या. मी भांडणाची वाक्यं जुळवूनच दार उघडलं. तर बाई म्हणाल्या, वाजू दे. तळमजल्यावरचे लूम भंगारात गेले, आणि सगळा जन्म त्या धडधडीवर झोपलेल्या या बाईची झोपच उडाली. "दुपारचा लावीत जा, बाला. मागाचा ठोका गेला नं डोलाच लागत न्हाय." मी शब्द दिला. शुक्रवारी आमच्या गल्लीत वीज जाते, तेवढी सूट मागून घेतली. हसल्या.

रविवार, १२ जानेवारी
मित्र जेवायला होते. मी ठमाबाईंची नक्कल केली. कंबर वाकवून, हात नाचवून, "डोलाच लागत न्हाय!" सगळे लोळले. तेवढ्यात उंबऱ्यावर वाटी टेकल्याचा आवाज आला. ठमाबाई. जवळ्याची चटणी घेऊन आल्या होत्या. भिंत धरत धरत जिना उतरल्या.
चटणी मित्रांनी संपवली. मी वायर काढून ठेवली. आता कुठल्या तोंडाने वाजवू?

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन खाली निघालो, अर्ध्या जिन्यातून परत आलो. दुपारी खालून छताला काठी लागली. ठक. ठक. ठोका मागतायत. मी टीव्हीचा आवाज वाढवला. लाज माणसाला इतकं नीच करते, हे ठाऊक नव्हतं.

गुरुवार, १६ जानेवारी
जिन्यात त्यांची सून मनाली भेटली. फोटो न्यायला आली होती. रविवारी रात्रीच सासूला लेकीकडे अंबाडीला नेलं, म्हणाली. तिथेही डोळ्याला डोळा लागला नाही. सोमवारी वारल्या. घर रविवारपासून बंद.
मग मंगळवारी छताला—
मनाली कुलूप लावून निघून गेली. आत्ता, हे लिहिताना, खालून— ठक.

शुक्रवार, १७ जानेवारी
वाटी घासली. रिकामी परत देत नाहीत. तिळगूळ भरून खालच्या कुलपापाशी ठेवली. माफी मागितली, तोंडातल्या तोंडात. वर आलो, वायर जोडली. तबला, बारीक. काठी थांबली. खाली खाट करकरली, कुणी कूस बदलावी तशी—

वीज गेली. शुक्रवार. वूफर गप्प.

खाली कडी—

भिंत धरत धरत कुणी—

मावशी, मी नाही हो बंद केला, ही वीज—

उंबऱ्यावर वाटी—