एक दिवस आधी

गुरु. १३ नोव्हें.
शुभेच्छाच दिल्या ना मी? शिव्या तर नाही दिल्या. तरी रेडिओचं सगळं बघणारी फ्राऊ लोरेन्झ सकाळी फोनवर अशी बोलली, जसा मी कुणाच्या सलाइनला हात लावला. काही दिवस माइकवर बसू नका म्हणे. काही म्हणजे किती, ते नाही सांगितलं. हिचं असंच, मऊ बोलायचं आणि दार लावून घ्यायचं.

झालं काय, तर हॉस्पिटलच्या रेडिओवर दर बुधवारी पेशंटच्या फर्माइशी माझ्याकडं. खाटेखाटेला जाऊन गाणं विचारायचं, मग तळघरातल्या खोलीत बसून नाव घेऊन लावायचं. सगळं फुकट, हौसेनं. काल हेर वेबर भेटले. हार्टचं ऑपरेशन आज, आणि ऐंशीवा वाढदिवसही आजच. मी म्हटलं, उद्या माणूस भूल घेऊन पडणार, शुभेच्छा कोण ऐकणार? कालच माइकवर देऊन टाकल्या. त्यांचं ते बंदरावरचं गाणं निम्म्यात आलं आणि बायकोचा खोलीतून फोन. रडत होती. लोरेन्झनं गाणंच बंद केलं.

त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर.
तन्वीला विचारलं. नेहमीसारखी जर्मनमध्येच बोलली. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं इथं अपशकुन, सगळ्यांना माहीत असतं, मम्मी. सगळ्यांना म्हणजे मला सोडून. वर हे जेवता जेवता म्हणाले, "पोर व्हायच्या आधी घरात पाळणा आणू देतेस का तू?"
 मग भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाले, त्यावरून भांडून घेतलं.

शनि. १५
वेबर अजून आयसीयूत. नीट शुद्ध नाही. गुडघे ठणकत होते तरी बसनं गेले. बायको कॅन्टीनमध्ये एकटी, पुढ्यात गार कॉफी. मला बघून शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली. म्हणजे बसू नकोस. नाही बसले.
त्यांना काही झालं तर ही बाई जन्मभर...

मंगळ. १८
शुद्धीवर आले. सिस्टर म्हणाली, सूप मागितलं. मी बरं म्हटलं आणि कामावर गेले. बालवाडीच्या किचनमध्ये आज एकच पातेलं दोनदा घासलं. आनंद व्हायला पाहिजे तर नुसती दमले.

बुध. १९
कार्यक्रम कुर्टनं केला, लोरेन्झच्या ओळखीतला रिटायर्ड माणूस. हवामान सांगितल्यागत पेशंटची नावं वाचतो. मी बाहेर कप विसळले.
माझं पिशवीचं ऑपरेशन इथंच झालेलं. भाषा धड कळत नव्हती, उशाशी हाच रेडिओ. त्यातल्या बाईनं एकदा माझं नाव घेतलं. वाकडंतिकडं घेतलं, पण घेतलं. म्हणून येते मी. नाहीतर दिवसभर पातेली घासून आणखी इथं मरायला कोण येतं?

शुक्र. २१
वेबरना साध्या वॉर्डात आणलंय. गेले. बायको होतीच. उभ्यानंच सांगितलं, तुमची रीत मला ठाऊक नव्हती, चुकले, मनात वाईट नव्हतं.
वेबरना हसू आलं, पण टाके दुखतात म्हणून छातीवर उशी दाबून धरली. म्हणाले, "माझा ऐंशीवा झालाच नाही, फ्राऊ जाधव. झोपेत गेला. उशिरा दिलेलं चालतं, द्या आता."
मी तोंड उघडलं तर बायकोनं हात आडवा केला. "इथं नको. ते आधीचं सगळ्या हॉस्पिटलनं ऐकलं. आता हेही रेडिओवरूनच ऐकू दे. आणि गाणं पूर्ण लावायचं."
आल्झो, इथले म्हणतात तसं. बाई खमकी आहे. तिची पर्स मांडीवर होती, खुर्ची मोकळी होती. बसले थोडा वेळ.

तिथून तशीच लोरेन्झकडं. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि डिसेंबरच्या मीटिंगमध्ये बघू म्हणाली. वेबर येत्या गुरुवारी दुसऱ्या गावाला जाणार, ऑपरेशननंतरच्या आरामाला. मीटिंग होईस्तोवर ऐकणार कोण, रिकामी खाट?

रवि. २३
तन्वीकडून लोरेन्झला मेसेज लिहून घेतला. कार्टीनं आधी कृपया, मग आपल्याला जमल्यास, मग खूप खूप धन्यवाद. सगळं काढायला लावलं. असं कुणी लिहीत नाही म्हणाली. मी म्हटलं, मी लिहिते. शेवटी गेला तो असा.

फ्राऊ लोरेन्झ, चूक मी माइकवर केली, ती माइकवरच निस्तरणार. नंतर मला ठेवा नाहीतर काढा. बुधवारी हेर वेबर आणि त्यांची बायको रेडिओ लावून बसणार आहेत. मी यायचं का नाही, ते मंगळवार संध्याकाळपर्यंत सांगा. मीटिंगचं नाव काढू नका. हो, नाहीतर नाही.