फसलेल्या गाडीजवळ जायचं नाई

१२ जानेवारी
ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा

ती. स्व. मोठेबाबा, म्हणजे साऱ्या आर्वीचे भैय्याजी, यांना धीरजचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी जेवलो म्हणतो अन तुमाले कोणीतरी मेलं असं ऐकू येते. म्हणून तुमच्या लेकीनं, रीताताईनं, आता पत्राचा कायदा काढला आहे. मी मेल करतो, ती प्रिंट काढून दुकानात तुमच्या हातात देते अन तुमच्या कागदाचा फोटो मले धाडते. माह्या कॉन्व्हेंटच्या मराठीले हासू नका.

मोठेबाबा, मी स्नोमोबिल शिकून राह्यलो! मोटरसायकलसारखं हँडल, समोर दोन पट्ट्या, मागं रणगाड्यासारखा फिरता पट्टा. रस्ता लागतच नाई, डायरेक्ट पहाडावर. मी ज्या गॅरेजात काम करतो तिथलेच लोकं क्लब चालवतात. आपला अंकित, आष्टीच्या प्रमिलाबाईचा, माह्याच खोलीत राह्यते, तोही येते. पहिल्या दिवशी तो गाडीवरून असा उडाला का बर्फाच्या वर फक्त हेल्मेट दिसत होतं. सारे हासले, तो सर्वात जास्त हासला.

भीती एकाच गोष्टीची, अॅव्हलांच. उतारावरचा बर्फ चादरीसारखा तुटते अन सारं घेऊन खाली येते. त्यासाठी आमी कोर्स केला. छातीवर बीकन बांधतो, पाठीवर फावडं, अन एकमेकांशी बोलायले रेडिओ. कोणी दबला तर त्याच्या बीकनचा सिग्नल बाकीच्यांच्या बीकनवर येते, मंग तिथं खोदायचं.

मागच्या रविवारी क्लबमधल्या एका काकाची गाडी उतारावर मध्येच फसली. मी सवयीनं धावलो. आमच्या लीडरबाईनं जॅकेट धरून मागं ओढलं अन सर्वांसमोर झापलं. रूल असा आहे का फसलेल्या गाडीजवळ कोणी जायचं नाई. उतारावर एका वेळी एकच माणूस. त्यानं आपलं आपण खोदून निघायचं, बाकीच्यांनी बाजूले उभं राहून नजर ठेवायची. आमी पाऊण तास उभे होतो! काय डिसिप्लिन आहे ना?

मोठ्याईले नमस्कार सांगजा. तुमचा लोभ आहेच, इथल्या बर्फासारखा रोज थोडा वाढू द्या.

तुमचा,
धीरज

---

१९ जानेवारी
आर्वी

चि. धीरजले भैय्याजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रीतानं एवढ्या मोठ्या अक्षरात काढलं का जसा मी आंधळाही झालो. इकडे सारं ठीक. तूर निघून राह्यली, ताडपत्रीले गिऱ्हाईक आहे. तुझी मोठ्याई म्हणते, कान झाकून फिरजो.

आता दुसरं. माणूस फसला अन तुमी पाऊण तास उभे राहून पाहत होते? अन हे तू मले कौतुकानं लिहितं? आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात कोणाची गाडी फसत नाई? जीप असो का बैलबंडी, मी दुकान उघडं टाकून दोर घेऊन पळतो. कोणाची गाडी, कोणत्या पार्टीचा माणूस, कोणी विचारत नाई. धक्का मारून झाला का मंग नाव विचारतो. अंकितचा बाप नाल्यात ट्रॅक्टरसंगं फसला, तवा अंकित पाळण्यात होता. मी आष्टीच्या बाजारात होतो. अर्धा बाजार नाल्यात उतरला, मीही उतरलो, म्हणून तो त्या दिवशी जिवंत घरी गेला. काठावर उभे राहून पाहणारेही होते चार. त्याईले मी अजून चहाले बोलावत नाई.

तिथल्या लोकाईचे नियम तिथल्या लोकाईपाशी. तुले आमी असं शिकवलं नाई. अंकितलेही वाचून दाखवजो.

रागावलो असं समजू नको. कान गेले, तोंड शाबूत आहे. तुमा दोघाईले पोटभर आशीर्वाद.

भैय्याजी

---

२४ जानेवारी

ती. स्व. मोठेबाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अंकितले तुमचाच आवाज काढून वाचून दाखवलं. चहा सांडेपर्यंत हासला. मंग त्याच्या बापाची गोष्ट आली. म्हणे त्याले हे घरी कोणी सांगितलंच नव्हतं. तेवढा भाग त्यानं पुन्हा वाचायले लावला.

पण मोठेबाबा, तुमी चुकून राह्यले. चिखल गाडीले धरून ठेवते, बर्फ सोडून देते. मार्केट यार्डातला सोयाबीनचा ढीग आठवा. एक पोट्टं चढलं तर थोडं घसरते, दुसरं चढलं का पुरा ढीग खाली. इथं खालचा जुना बर्फ साखरेसारखा मोकळा असते अन त्याच्यावर नवीन बर्फाचा जाड थर. एका गाडीचं वजन तो पेलते, दुसरीचं पेलनच असं नाई. म्हणून कोणी जात नाई. भेकडपणा नोहे तो.

अंकितलेही समजावलं. तो म्हणे बरोबर आहे, पण भैय्याजी चहाले बोलावणार नाईत. आता बरणीचं झाकण जरी अडलं तरी धावत येते अन भैय्याजीची ऑर्डर आहे म्हणते.

रविवारी पुन्हा जाऊन राह्यलो. धोक्याचा आकडा पाचात तीन आहे, म्हणजे मधलाच. काळजी नसावी. राग सोडा, माया तेवढी ठेवा.

धीरज

---

३० जानेवारी
हॉस्पिटलमधून

प्रिय रीताताईले धीरजचा नमस्कार.

फोनवर तुले कळलं तेवढं कळलं. बाकीचं लिहितो. हे मोठेबाबाले दाखवू नको. प्रिंटच काढू नको.

उतारावर माही गाडी फसली, ताई. मी खोदायले लागलो. बाकीचे खाली, झाडाच्या आडोशाले. मान वर केली तर अंकित गाडी घेऊन येऊन राह्यला. मी रेडिओवर ओरडलो, नको येऊ, माघारी फिर. शिव्या दिल्या. लीडरबाई इंग्लिशमधून ओरडून राह्यली होती. तो हासत होता. म्हणे भैय्याजी चहाले बोलावणार नाईत. माह्याजवळ उतरला, गाडीच्या मागच्या दांडीले हात घातला अन एक धक्का मारला. पायाखालून असा आवाज आला जसं कोणी पोतं टाकलं. मंग आमच्या वरचा सारा पांढरा उतार आडवा चिरला.

मी कमरेपर्यंत दबलो, पाय मोडला. त्याचं बीकन लवकर सापडलं. लोकाईनं जीव तोडून खोदलं. माह्या समोर खोदत होते अन मले हलता येत नव्हतं. काढलं तवा उशीर झाला होता.

तो काऊन वर आला हे फक्त मले माहीत आहे. रेडिओवरची मराठी तिथं कोणाले समजते? मोठेबाबाले एवढंच सांगजो का बर्फ एकाएकी आला. प्रमिलाकाकूलेही तेच. ताई, निस्तं हे एक कर माह्यासाठी.

तुझा,
धीरज

---

२० फेब्रुवारी
आर्वी

चि. धीरजले आशीर्वाद.

पायाचं कसं आहे ते तू लिहिलं नाई.

अंकितले आणलं त्या दिवशी मी आष्टीले गेलतो. बाजार बंद होता. त्याचा बाप तर चार वर्षांआधीच गेला, घरात प्रमिलाबाई एकटी.

रीता म्हणते बर्फ एकाएकी आला. एरवी ती माह्याशी बहिऱ्यासंगं बोलावं तसं ओरडून बोलते, अन हे सांगताना हळू बोलली. मी तिच्या तोंडाकडं पाहूनच समजलो. दुसऱ्यांदा विचारलं तर पाणी भरायले गेली.

तुझं सोयाबीनच्या ढिगाचं पत्र मले तवाच पटलं होतं. पुतण्यापुढं चुकलो म्हणायची मले सवय नाई, म्हणून उत्तर लिहिलं नाई. लिहिलं असतं तर तुमी दोघाईनं मिळून वाचलं असतं.

आता तू उत्तर दे. गाडी तुझी फसली होती का? अन तो माह्या पत्रापायी आला का? हो का नाई, एवढंच. मले सांभाळू नको.

भैय्याजी

---

२१ फेब्रुवारी

ती. स्व. मोठेबाबांना सा. न.

हो. दोन्हीचं हो.

अन एक अजून, जे रीताताईलेही लिहिलं नाई. मी त्याले माघारी फिर म्हणून शिव्या दिल्या हे खरं आहे. पण तो पहिल्यांदा येताना दिसला, तवा मले आधी बरं वाटलं होतं. मंग ओरडलो.

पायाले अजून प्लास्टर आहे. मले झोप येत नाई. तुमी पत्र लिहिणं बंद करू नका.

धीरज

---

२ मार्च
आर्वी

चि. धीरजले आशीर्वाद.

काल सकाळच्या एसटीनं आष्टीले गेलो. रीता संगं येतो म्हणे, नको म्हटलं.

प्रमिलाबाईले सारं सांगितलं. मी काय लिहिलं, तुनं काय समजावलं, तो काऊन चढला. तिनं मधात एकदाही थांबवलं नाई. गॅसवर दूध होतं, उतू गेलं, उठली नाई. मी म्हटलं बाई, मले शिव्या दे. नाई दिल्या. दिल्या असत्या तर मले उठून येता आलं असतं.

मंग तिनं विचारलं, निघाला का तो? मले वाटलं अंकितचं विचारते. मी नकाराची मान हलवली. तशी म्हणे माहा नाई, गाडी ज्याची फसली होती तो. म्हटलं निघाला, पाय मोडला, पण आहे. ती उठली, सांडलेलं दूध पुसलं अन माह्याकडं पाठ करूनच म्हणे, ज्याच्यासाठी माहं लेकरू वर चढलं, तो पोरगा मले पाहाचा आहे.

कोणत्या मनानं म्हटलं, मले समजलं नाई. ती तुले जवळ घेईन का तोंडावर दार लावन, मी सांगू शकत नाई. तिले विचारायची माही हिंमत झाली नाई.

प्लास्टर निघालं का येजो. तुले न विचारता मी तिले हो म्हणून आलो आहे.

तुझी वाट पाहणारा,
भैय्याजी