सात पत्ते पास

३ मार्च, मंगळवार

भिंगरी काहीतरी लपवते आहे. कॉलेजचा अभ्यास म्हणते आणि कानात बोंडं खुपसून तास-तासभर फोनकडे टक लावून बसते. आज पाय न वाजवता मागे जाऊन उभी राहिले. मला वाटलं, असेल कुणीतरी पोरगा. पोरगा नव्हता. दोन बापे टेबलाशी बसून पत्ते खेळत होते, आणि न दिसणारी दोन माणसं त्यांच्याबद्दल बोलत होती. एक बाप्या घसा फोडून ओरडणारा. एक बाई, शांत.

"जुगार का गं?"

"आजी, स्पर्धा आहे. पैसे नाही लावत."

"मग त्यांना एवढा घाम कशाचा फुटलाय?"

हसली आणि बोंडं परत कानात. उत्तर न देणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही, मग ती माझ्या लेकाची लेक का असेना.

४ मार्च, बुधवार

सुनेच्या कानावर घातलं. "खेळू द्या हो आई, निदान घरात तरी असते." ही बाई सगळ्याला निदान लावते. निदान भाजी शिजली, निदान नवरा घरी आला.

६ मार्च, शुक्रवार

काय चाललंय तेच कळत नाही तर पकडणार काय? शेजारी जाऊन बसले. "सांग," म्हटलं.

प्रत्येकाने घरून आपला साठ पत्त्यांचा गठ्ठा आणायचा. कुठले साठ, ते ज्याचं त्याने ठरवायचं. समोरच्याने तो मधून कापायचा, मग पाच-पाच उचलायचे. पत्त्यांवर चित्रं असतात – दगडी हत्ती, आरसेवाली, पाण्यातला म्हातारा. ते एकमेकांच्या अंगावर सोडायचे. ज्याचा किल्ला आधी पडला तो घरी गेला.

खाली बारीक अक्षरात कायकाय लिहिलेलं असतं. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि डोळे आता तिसरीपर्यंत. चित्रावरून ओळखते. शिलाईच्या कारखान्यात तरी कुठे वाचत होते? एकतीस वर्षं चेकिंगच्या टेबलाशी उभी राहिले. शर्ट कुणाच्या मशीनवर शिवला ते टाक्यावरून सांगायचे, आणि मशीनवाल्या मला बघून तोंडं फिरवायच्या.

८ मार्च, रविवार

ती शांत बाई मला पटली. घसाफोड्या झालेलंच सांगतो – "हत्ती आला! हत्ती आला!" – अरे, आला ते दिसतंय आम्हाला. बाई म्हणते, "तो काय खेळला ते सोडा. काय खेळला नाही ते बघा. आरसेवाली हातात असती तर याच डावाला उतरवली असती." शेवटी हात उघडला तर खरंच, आरसेवाली नव्हतीच. या बाईने कधीतरी चेकिंग केलेलं आहे.

पण जिंकणारा तो निळ्या टोपीवाला – त्याचं मला पटलं नाही. घसाफोड्या त्याच्या अंदाजाची तारीफ करून दमला. मी भिंगरीला तीनदा मागे घ्यायला लावलं. पत्ता उचलायच्या आधी त्याचा अंगठा गठ्ठ्याच्या कडेवरून फिरतो. दर वेळी.

"हा चोर आहे."

"सवय असेल गं त्याची. सगळे पत्ते कव्हरात असतात ना, कव्हरांची पाठ काळी. बाहेरून साठही सारखे दिसायला पाहिजेत. एकाला जरी खूण सापडली तरी तो सामना गेला. आणि मुद्दाम केली असं ठरलं तर वर्षभर बंदी. पंच असतात तपासायला."

"आणि पंचांना कोण तपासतं?"

"तू माझ्याशी खेळ बघू. तेवढाच सरावही होईल माझा."

११ मार्च, बुधवार

हरले. सहाच्या सहा वेळा.

१२ मार्च, गुरुवार

आणखी चार. भिंगरी म्हणते, "आजी, तू हत्ती फार लवकर सोडतेस." म्हटलं, "हत्ती काय हातात धरून बसायची वस्तू आहे?"

दुपारी सगळे बाहेर गेल्यावर, भिंगरी माझ्यासाठी ठेवून जाते त्या तिच्या जुन्या फोनवर एकटीने दोन सामने बघितले. शांत बाईने तेच सांगितलं. हत्ती दाखवायचा नाही; हत्ती आहे असं समोरच्याला वाटत ठेवायचं. तो त्या भीतीने आपले चांगले पत्ते दाबून बसतो. आमची सुपरवायझर असंच करायची. मालक येणार, येणार म्हणायची, आणि मालक महिन्यातून एकदा यायचा.

१५ मार्च, रविवार

आज जिंकले. भिंगरीने दोन डाव म्हातारा उतरवला नाही, तेव्हाच ओळखलं की तिच्याकडे म्हातारा नाहीच. किल्ला पाडला.

"तू मुद्दाम हरलीस."

"देवाशपथ नाही!"

विश्वास नाही. पुन्हा खेळायला लावलं. हरले. मग वाटलं, पहिला डाव खरा असेल.

आता ती फोन माझ्या बाजूने कलता धरते. घसाफोड्या ओरडला की दोघी एकदमच "गप रे" म्हणतो. सून आतून विचारते, कुणाला बोलताय?

२० मार्च, शुक्रवार

परवा निवडीची फेरी. पहिल्या आठांत आली तर मोठ्या स्पर्धेला जायला मिळतं. दोन वर्षं तिचं तेच चाललंय. गेल्या खेपेला नववी आली होती आणि दोन दिवस जेवली नव्हती, हे मला सुनेने आत्ता सांगितलं. तेव्हा म्हणे पोट बिघडलं होतं. बघा, या घरात काय काय लपतं.

नवी कव्हरं आणायला तिच्याबरोबर पत्त्यांच्या दुकानात गेले. दाढीवाला दुकानदार फार गोड बोलतो. "आजी पण खेळतात? वा, वा." कव्हरांचं पाकीट दोनदा हातात फिरवून मग दिलं. का फिरवलं?

घरी आल्यावर भिंगरीला क्लासला पळायचं होतं. "आजी, तू घालशील कव्हरं? तुझ्यासारखा नीट हात कुणाचा नाही." हे खरं आहे. खिडकीशी पाट ओढला, टॉवेल अंथरला आणि बसले. साठ पत्ते, एकेक कव्हरात घालून उजेडात धरला, उलटा केला, चारही कडा बघितल्या. त्रेपन्न तिच्या जुन्या डब्यातले. कोपरे पांढरे पडलेले, एकाला मधोमध वाकण, एकावर चहाचा डाग. माझ्या टेबलावर आले असते तर मशीनवालीला परत नेऊन दिले असते. सात नवे, वाढदिवसाला घेतलेले – हत्ती, आरसेवाली, तिचे सगळे जोरदार पत्ते. सातांत नाव ठेवायला जागा नाही. सात पास.

सगळे डब्यात रचून ठेवले. आल्यावर तिने बघितलेही नाहीत, इतका तिचा विश्वास. इतका विश्वास बरा नाही, तिला सांगितलं पाहिजे.

२२ मार्च, रविवार

काय झालं ते नीट लिहून ठेवते.

मोठा हॉल, लांब टेबलं, फरशी पुसायच्या औषधाचा वास. बघणाऱ्यांना दोरीच्या अलीकडे खुर्च्या. भिंगरीने पहिले चार सामने मारले. चौथ्याला तर हत्ती हातात दाबून अशी बसली की मी खुर्चीतून अर्धी उठले.

पाचवा सामना एका चष्मेवाल्याशी. त्याने तिचा गठ्ठा कापायला घेतला आणि थांबला. हात वर केला. पंच आल्या, गळ्यात पट्टी लावलेल्या, चाळिशीच्या बाई. त्यांनी गठ्ठा उचलून कोपऱ्यातल्या टेबलावर नेला, दिव्याखाली पसरला. मला दोरीपाशी अडवलं. दुरून भिंगरीची पाठ तेवढी दिसत होती, बोलणं ऐकू येत होतं.

सात कव्हरांच्या कोपऱ्याला बारीक खूण. उघडून बघितलं तर आत तेच सात नवे पत्ते. साठांतले नेमके सात, आणि नेमके तेच.

पंच म्हणाल्या, "हे आपोआप कसं झालं?"

भिंगरी म्हणाली, "मला माहीत नाही."

सामना गेला, फेरी गेली. गठ्ठा लिफाफ्यात घालून वर सही. शुक्रवारी निकाल. मुद्दाम केलं असं ठरलं की वर्षभर बंदी, आणि नाव यादीत लागणार, सगळ्यांनी वाचायला.

बसमध्ये माझ्या शेजारी बसली. रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती.

२३ मार्च, सोमवार

यादी केली. पत्त्यांना हात कुणाकुणाचे लागले?

दाढीवाला. पाकीट दोनदा फिरवलं. पण पाकीट बंद होतं, आणि कुठल्या कव्हरात कुठला पत्ता जाणार ते त्याला कुठून कळणार? खोडला.

चष्मेवाला. गठ्ठा हातात असेल दहा मोजेपर्यंत. सगळ्यांसमोर साठांतून सात शोधणार आणि खुणा करणार? खोडला.

पंच. तिला काय मिळणार? आणि खुणा तिच्याआधी चष्मेवाल्याच्या बोटांना लागल्या. खोडली.

उरली एक. जिला कुठले सात ते ठाऊक, जिला उपयोग, जी नववी आली होती.

लिहिताना बरं वाटत नाही. पण एकतीस वर्षांत मला कुणाची दया आली म्हणून मी वाकडी शिलाई पास केलेली नाही.

२४ मार्च, मंगळवार

विचारलं. ती दप्तर भरत होती.

"भिंगरे, तुझा पण अंगठा फिरतो का गं कडेवरून?"

वही हातात धरून उभी राहिली.

"आई विचारेल असं वाटलं होतं," म्हणाली. "तू विचारशील असं नव्हतं वाटलं."

"मी विचारलं. उत्तर दे."

दप्तर अर्धवट ठेवून गेली. सून दारात उभी होती. "आई, रविवारपासून पोरगी धड जेवलेली नाही, आणि तुम्ही तिला उभी करून जाब विचारता?"

"पोट बिघडलं असेल," मी म्हटलं.

हे बोलायला नको होतं.

२५ मार्च, बुधवार

भिंगरी जेवायला बसली नाही. ताट खोलीत नेलं, दार लावलं. जुना फोन माझ्यासाठी टेबलावर ठेवून गेली होती, रोजच्यासारखा. रागावलेलं माणूस असं करतं का? की हाही डावच?

निळ्या टोपीवाल्याचा सामना परत लावला. घसाफोड्याचा आवाज बंद केला, नुसते हात बघितले. अंगठा गठ्ठ्याच्या कडेवर. मग समोरच्याची पाळी असताना टेबलाच्या कडेवर. मग पाणी पितानाही, ग्लासाच्या कडेवर. सामना संपला, उठून उभा राहिला, तर आपल्याच टोपीच्या कडेवर.

त्याला ठाऊकसुद्धा नसेल.

अडीच आठवडे मी त्याला चोर म्हणत होते. बरं, तो सुटला. म्हणून भिंगरी सुटत नाही.

२६ मार्च, गुरुवार

सुनेने माझ्या लेकासाठी नवा शर्ट आणला. मंगळवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली – "आई, बघता का जरा, टाके बरोबर आहेत ना?" खिडकीशी नेला. उलटा केला, कडा बघितल्या. चांगला शिवला होता. आणि माझ्या अंगठ्याच्या नखाने कॉलरच्या कोपऱ्याला चिमटा काढला.

कारखान्यात असाच काढायचे, पास झालेल्या प्रत्येक नगाला. तोच नग परत हातात यायला नको म्हणून.

शर्ट किती वेळ धरून बसले कुणास ठाऊक. सून म्हणाली, "काय झालं? खराब आहे का?" म्हटलं, "नाही. पास आहे."

कात्री घेतली होती, नख कापायला. परत ठेवली. उद्या पंचांना दाखवायला लागेल. आधी भिंगरीच्या दारावर थाप मारते.