धुऱ्यापलीकडची साक्ष

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा म्हातारी आहे. तू गेलीस तेव्हा तुझे केस अर्धे काळे होते. माझ्या डोक्यावर आता एकही काळा शोधून सापडत नाही. हे पत्र मी सांगते आहे आणि माझी नात लिहिते आहे. सांगणारी मी अंगठा उठवणारी, वाचणारी तूही अंगठा उठवणारी, आणि मधली ही एकटीच शिकलेली. म्हणजे आपल्या दोघींना हिच्यावरच भरवसा ठेवावा लागणार. मी वऱ्हाडीत सांगून राहिले आणि ही पुस्तकात शोभेल असं लिहून राहिली, हे मला तिचा पेन थांबतो त्यावरूनच समजतं. मी म्हटलं, "माहं बोलनं धुऊन इस्तरी करून ठेवतेस का वं?" तर म्हणते, "आजी, वाचणाऱ्याला समजलं पाहिजे." वाचणारी तू. तुला तर मी नुसती खोकले तरी समजायचं.

गोष्ट तुझ्या मताची आहे. मी लहान होते. दर्यापूरकडच्या आपल्या गावात शाळेच्या खोलीत मतदान होतं, आणि गावातल्या बायांची मतं पाटलांचा माणूस सकाळीच टाकून मोकळा झाला होता. तेव्हा तशीच रीत. बाई चुलीपाशी आणि तिचं मत पेटीत. तू मात्र तव्यावरची भाकर तशीच टाकून उठलीस, बाया घेऊन शाळेवर गेलीस, आणि तिथला साहेब "तुमचं मत पडलं, बाई" म्हणाला तेव्हा ओट्यावर ठाण मांडून बसलीस. "मी अथी बसली हावो, मंग माहं मत कोन्या पायानं चालत आलं?" असं तू त्याला विचारलंस. दिवस कलला तरी उठली नाहीस. शेवटी साहेबानं कागद दिला, तू शिक्का मारलास आणि बोटावर शाई घेऊन घरी आलीस. ही गोष्ट मी सासरी सांगितली, मोर्शीला लेकीच्या सासरी सांगितली, प्रत्येक निवडणुकीला सांगितली. सांगून सांगून तिला अशी झिलई आली की माझे जावईही ती ऐकताना पानाचा विडा तोंडात तसाच धरून ठेवतात.

ही माझी नात अमरावतीला विद्यापीठात शिकते. वऱ्हाडातल्या बायांच्या हाती मत कसं आलं यावर मोठा प्रबंध लिहिते आहे. तिच्या पहिल्याच पानावर तू आहेस, ओट्यावर बसलेली. तिच्या सरांनी वाचलं, छान म्हणाले, आणि पुढे म्हणाले की लेकीनं आईचं सांगितलं, नातीनं आजीचं लिहिलं, ही एकाच घरातली साक्ष झाली. बाहेरचा पुरावा आणा, नाही तर बाईंना पानावरून उठवा. पोर रडवेली होऊन आली. तिचं सगळं प्रकरण तुझ्या पायावर उभं आहे. मी म्हटलं, "पुरावा काय, मीच तं हावो." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू मला दूध नासल्यावर पाहायचीस.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. निवडणूक आयोगाच्या जुन्या निकालात फक्त आकडे होते. तुझं मत त्यांत असेलही, पण पोत्यातला दाणा कोणाच्या वावरातला हे पोतं काय सांगणार. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली होत्या. नेमकी आपल्याला हवी ती पानं कोणी ब्लेडनं कापून नेलेली. त्या वेळी एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन पुढाऱ्यांचे गौरवग्रंथ मिळाले. त्यांच्या मुलांनीच छापून घेतलेले, जाड पुठ्ठ्याचे. दोन्हीही हिनं मला वाचून दाखवले. आपल्या तालुक्यातल्या बायांना जागं कोणी केलं, तर दोघांनीही. पडला तो सुद्धा पुस्तकात जिंकल्यासारखाच चालतो. मी म्हटलं, ह्यांच्या गावात कोणी झोपलेलं होतं तरी का.

शेवटी आम्ही गावातच गेलो. चावडीजवळच्या एका म्हाताऱ्यानं, आम्ही विचारायचा अवकाश, सगळी गोष्ट घडाघडा सांगितली. पाटलांचा माणूस, ओटा, "कोन्या पायानं चालत आलं", काही सोडलं नाही. नात भराभर लिहून घेत होती, तिच्या तोंडावर रंग आला होता. मलाच काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "भाऊ, तुमी तवा होते का शाळेवर?"

"मी काहून होतो? मी तवा मायचं दूध पेत होतो."

"मंग हे कोनं सांगतलं?"

"मोबाईलवर पाह्यलं ना. तुमीच तं सांगून राहिल्या होत्या, लिंबाखाली बसून."

ते खरं होतं. मागच्या निवडणुकीच्या आधी गळ्यात उपरणी घातलेली काही पोरं आली होती. "आजी, सांगा ना थे तुमच्या मायची गोष्ट," म्हणाली. मी नवं लुगडं नेसून बसले, सांगितली. नंतर हिच्या फोनवर ती गोष्ट माझ्याकडे परत आली तेव्हा मागे ढोल वाजत होता, आणि माझं संपल्यावर कोणी तरी जड आवाजात सांगत होता की त्या धाडसी मातेनं शिक्का मारला तो आमच्या उमेदवाराच्या आजोबांच्या चिन्हावर. माय, तू कोणाला मत दिलंस हे मला माहीत नाही, बाबांनाही माहीत नव्हतं. त्या पोरांना मात्र माहीत होतं. आणि आता गावात ज्याला विचारावं तो मलाच माझं सांगतो. एकानं तर माझं काही चुकलं म्हणून मला सुधारलं.

येताना बसमध्ये मला तुझा एक रागावलेला दिवस आठवत राहिला. मी धावत घरात येते आहे, ओरडत, की धोब्याचा बैल विहिरीत पडला. तू चुलीपुढून वळूनही पाहत नाहीस. "पाह्यलं का ऐकलं?" मी म्हणते, ऐकलं. "मंग कानानं बोल. डोयानं बोलू नको." बैल विहिरीत नव्हताच, कडब्याच्या गंजीमागे होता. माझी सोयरीक पाहायची होती तेव्हाही तू मुलाच्या घरी काही विचारलं नाहीस. ज्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, त्यांच्या धुऱ्याला लागून होता आणि ज्याचं त्यांच्याशी बांधावरून हाडवैर होतं, त्या माणसाच्या बायकोकडे जाऊन बसलीस. परत येऊन बाबांना म्हणालीस, "पोराचा बाप तोंडाचा वाईट हाय म्हनते. पन बाईवर हात उगारला असं तिलेही सांगता नाई आलं." आणि सोयरीक पक्की केलीस. वैऱ्याचं खोटं कोणत्या बाजूला कलणार ते आपल्याला माहीत असतं, तेवढं वजा करायचं. आपल्या माणसाचं खोटं कुठे कलेल ते देवालाही माहीत नाही, असं तू म्हणायचीस. मी हे नातीला सांगितलं तर तिनं तेही लिहून घेतलं. मग विचारलं, "आजी, आपला धुरा कोणाच्या धुऱ्याला लागून होता?"

पाटलांच्या. बाबांचं आणि पाटलांचं आयुष्यभर त्यावरून वाजलं.

पाटलांची सून अकोल्याला मुलाकडे असते, आम्ही तिला वहिनी म्हणायचो. डोळे गेलेत, मोबाईलचा तिला काही उपयोग नाही. आम्ही गेलो तेव्हा ती कूलरसमोर खाटेवर बसली होती.

"कोन होय?"

"मी, वहिनी. धुऱ्याच्या पलीकडची."

"अजून जिती हायेस?"

"तुमचा नंबर आंधी हाय. मी कशी पुढं घुसू?"

बोळक्या तोंडानं हसली, मला चापपून पाहिलं, सुनेला चहा टाकायला लावला. चहा झाल्यावर नातीनं विचारलं. मला वाटलं, ही म्हणेल असं काही झालंच नाही, आणि आपण ते वजा करू.

"बसली होती ना एक बाई," वहिनी म्हणाली. "हाव. दिवसभर बसली होती. पन थे हिची माय नाई. माही सासू होय थे."

नात म्हणाली, "पाटलीणबाई? पण मतं तर पाटलांनीच..."

"तिचंही टाकलं होतं ना त्याईनं. पाटलाच्या बायकोनं पाटलानं टाकलेलं मत वापस मांगतलं, सांगन कोन? आमच्या घरात त्याचं नाव काढाची सोय नोती. गावानंही तोंड दाबून ठेवलं." मग म्हणाली, "जिती होती तोवर तिनं मले सुखानं घास नाई खाऊ देल्ला. पन थ्या दिवशी बसली होती, हे खरं."

मी विचारलं, "न् माही माय?"

"होती ना. बायाईत होती. मत देलं का तशीच गेली, मले नाई आठवत. लय बाया होत्या, बाप्पा. सगळ्याईचे पदर डोयावर."

तुझ्याच तराजूत मी तिचं बोलणं घातलं, माय. दोनदा घातलं. तिचं खोटं कलायचं तर सासऱ्याचं झाकण्याकडे कलायला हवं, ती तर उघडं करत होती. सासूला नावं ठेवण्याकडे कलायला हवं, आणि सासूबद्दल हा तिचा जन्मातला पहिला चांगला शब्द होता. वजा करायला काही सापडेना. तू मला रीत शिकवलीस आणि त्या रीतीनं तूच ओट्यावरून उठलीस.

परतीच्या बसमध्ये नात वही मांडीवर घेऊन बसली होती. तिला बाहेरची साक्ष मिळाली होती, पहिल्यापेक्षा चांगली गोष्ट मिळाली होती, आणि आपला आनंद ती माझ्यापासून लपवत होती. पण तिला लपवता येत नाही, ते तुझ्यावर गेलं आहे. मूर्तिजापूर मागे पडल्यावर हळूच म्हणाली, "आजी, पणजीचं काढत नाही. पण तू काय पाहिलंस, तेवढंच सांग. ऐकलेलं नको." माझंच शस्त्र, माझ्यावरच. ओटा मी पाहिला नव्हता, मी घरी होते. तुझं ते पायाचं वाक्य तुझ्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. कोणाच्या तोंडून ऐकलं तेही आठवत नाही. कदाचित माझ्याच. तुला कधी विचारलंही नाही. विचारलं असतं तर तू एका वाक्यात सांगून टाकलं असतंस, आणि मग इतकी वर्षं सांगायला माझ्याजवळ काय उरलं असतं.

पाहिलं ते एवढंच. चूल पेटलेली आहे आणि तिच्यापुढे कोणी नाही. तव्यावरच्या भाकरीला एका बाजूनं धूर सुटला आहे. मी ती उलटवते आहे आणि माझा हात भाजतो आहे. तू घरात नाहीस, असं मी कधी पाहिलं नव्हतं. दिवस बुडताना तू येतेस, बाबा काही विचारत नाहीत, तू काही सांगत नाहीस, परात ओढून बसतेस. जळकी भाकर तू स्वतः खातेस.

हे सगळं ही आता घरी बसून लिहिते आहे. मघाशी म्हणाली, पाकीट आणू का. मी म्हटलं, पत्ता काय टाकशील, राहू दे तुझ्या कागदांत. मग तिनं पेन टेकवून विचारलं, "आणि शाई? बोटावरची शाई तर तू पाहिली असशील. ती आठवडाभर जात नाही." एवढं एक तिला माझं खरं निघायला हवं होतं. मलाही हवं होतं. मी डोळे मिटले, तू परातीशी बसलेली दिसलीस, तुझा डावा हात दिसला, पहिलं बोट नखापर्यंत काळं. हो, पाहिलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण माय, तव्याच्या काजळीनं आणि भांड्यांच्या राखेनं तुझी बोटं बाराही महिने तशीच असायची. ते बोट आदल्या दिवशीही काळंच होतं.