बांधावरची हजेरी

१ मे १९३३, रेवस

पोचले. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेल्या बोटीत माझ्याखेरीज बहुतेक सगळे ओकले. मी नन्सच्या हाताखाली वाढले. चारचौघांत ओकायचं नाही, हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं.

शाळेने निरोपाला घड्याळ दिलं. तीस वर्षं घंटेवर नाचलेल्या बाईला घड्याळ! चांगदेवने, माझ्या धाकट्या भावाने, गिरगावात स्वयंपाकघरामागची खोली देऊ केली होती. एकटी राहायला गेलीस तर पंधरा दिवसांत परत येशील, असंही वहिनीदेखत म्हणाला. म्हणून हे घर घेतलं.

घर मिठागराच्या जुन्या मुकादमाचं आहे, समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या अगदी टोकाला. पुढे खाडी, चिखल, तिवरांची झाडं. मागे भातखाचरं आणि आगरी लोकांची वाडी. वारा असा की लुगड्याच्या निऱ्यांत मीठ साठतं. मला फार आवडलं.

नामा नावाच्या तरण्या माणसाने ट्रंक डोक्यावरून आणली आणि विचारलं, "बाय, दगडा भरल्यान का काय?" पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाला, म्हणजे दगडच. त्याची आई येसूबाई माझं काम करणार आहे. तिचं जग म्हणजे हा एकुलता एक नामा. माझ्या मासळी खाण्याच्या पद्धतीला ती तोंडावर हसली. जमेल आमचं.

१० मे

काल पुनव होती, आज दुपारी मोठी भरती. इथली एक रीत पाहिली आणि मास्तरीण म्हणून खूश झाले.

उधाणाचं पाणी बांधाच्या माथ्याशी येतं. खेकड्याच्या बिळाएवढं भोक पडलं तरी खांड पडून, म्हणजे बांध फुटून, खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन तीन-चार वर्षं नापीक होते. म्हणून माणसं चिखलाच्या पाट्या घेऊन बांधावर अंतराअंतराने उभी राहतात, आणि रेवसच्या धक्क्याकडून हाक निघते. पहिला दुसऱ्याला विचारतो, हाय का? दुसरा म्हणतो, हाय, आणि तिसऱ्याला विचारतो. चक्क हजेरी! ओळीच्या शेवटी, माझ्या घरापाशी, नामा उभा होता. त्यानेही हाय म्हटलं, आणि मग पुढे तोंड करून विचारलं, हाय का?

पुढे फक्त उघाडी आहे. म्हणजे बांधातलं लाकडी दार, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला समुद्र अडवणारं. तिथे कोणी नव्हतं.

तिकडून उत्तर आलं: हाय.

तिवरांत कोणी पोर लपलं असेल. येसूबाईला विचारलं तर ती मासळी निवडता निवडता म्हणाली, पोर न्हाय, तो उडनारा सायब.

१२ मे

त्या उडनाऱ्या सायबाची हकीकत येसूबाईकडून काढून घेतली, आणि संताप आला.

तीन वर्षांपूर्वी थंडीत आरमाराचं जहाज मुंबईत आलं होतं. त्यावरची विमानं आमच्या शाळेच्या गच्चीवरून जायची. एक दिवस मुलींनी रुमाल हलवले. वैमानिकाने विमानाचा पंख जरासा कलता केला, सलाम केल्यासारखा. मी मुलींना रागावले, पण मलाही गंमत वाटली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दंतमंजनाच्या जाहिरातीखाली चार ओळी: सरावाच्या उड्डाणात सब-लेफ्टनंट ह्यू मार्लिंग, वय बावीस, खाडीत पडून मृत. देह मिळाला नाही. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता, म्हणून चार ओळी पुरल्या.

तो इथे पडला. वाहून आला तो विमानाच्या नाकावरच्या पंख्याचा एक तुटका हात. पुरुषभर उंचीचं, गुळगुळीत, पितळी कडेचं लाकूड. या लोकांनी त्याचं काय केलं? उघाडीला आडवा अडसर म्हणून ठोकलं! दर्याने जे परत दिलं ते दर्याच्याच तोंडाला लावायचं, असा म्हणे रिवाज. त्याच पावसाळ्यापासून उत्तर येऊ लागलं. मग वाडीने त्याला माणूस धरलं, बांधावरची शेवटची जागा दिली, सुगीत त्याच्या नावाने पायलीभर भात खाडीत सोडतात. तीन वर्षांत खांड पडली नाही, हे येसूबाईने मला अभिमानाने सांगितलं.

भुताखेतावर माझा विश्वास नाही. पण भूत मानायचं आणि त्याला फुकट पहाऱ्यावर उभं करायचं, याला काय म्हणावं? ज्याचं स्मरण करायचं त्याला राबवून घेतात.

२६ मे

अवसेचं उधाण. मुद्दाम नामाच्या शेजारी उभी राहिले. उत्तर आलं. शब्द इथलाच, पण अर्थ न कळता म्हटलेला. पहिल्या इयत्तेत नवी मुलगी बाकीच्यांचं ऐकून हजेरी देते, तसा. दमलेला.

पोर नाही ते.

रात्रभर डोळा लागला नाही. तो बिचारा भीतीदायक वाटला नाही मुळीच. तीन वर्षं त्याला कोणी घरी जा म्हटलं नाही, हेच डोक्यात फिरत राहिलं.

३ जून

केलं!

अलिबागेहून सागवानी फळी मागवली. काळूराम, या वाडीचा म्होरक्या, कुरकुरला. पण जुन्या लाकडापेक्षा नवं चांगलं हे त्यालाही कळतं. नामाने अडसर काढला, सागवान बसवलं. पंख्याचा तो हात माझ्या अंगणात उभा रोवून घेतला, त्यावर पांढऱ्या रंगाने त्याचं नाव लिहिलं. खाडीकडे तोंड करून नन्सनी शिकवलेली मृतांची प्रार्थना म्हटली. मग त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं, शाळा सुटताना मुलींना सांगावं तसं खणखणीत: तुझं काम संपलं, बाळ. घरी जा. इथलं आता मी बघते.

वारा पडला होता. तिवरांतून कोणीतरी मोठा श्वास सोडल्यासारखं वाटलं. मला रडू आलं, हे या वहीपुरतंच.

सगळ्यांसाठी शिरा केला होता. येसूबाईने खाल्ला नाही. "त्याला सोडलास तू," म्हणाली. "मंग जाग्यावर कोन हाय?"

९ जून

उधाण. नामाने विचारलं, हाय का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. ओळीतले सगळे वळून बघत राहिले.

मला समाधान वाटलं. मग सागवानी फळीच्या खालून पाणी फुटलं. नवी कोरी फळी जागच्या जागी, आणि खालची माती विरघळल्यासारखी गेली. माणसांनी चिखल लोटून कसंबसं थोपवलं. येसूबाईची भाताची दाढ, हिरवीगार रोपं, पार खारावली.

खेकड्यांची बिळं, असं मी म्हटलं. पाट्या उचलून एकेक जण घरी गेला. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

१० जून

दुपारी भरतीच्या वेळी दारावर टकटक. हलकी, तीनदा. उघडलं तर कोणी नाही. पायऱ्यांवर खाडीचा ताजा चिखल. बुटांचे ठसे. इथे बूट कोण घालतं?

ठसे दारापर्यंत आले आहेत. परत गेलेले नाहीत.

११ जून

पुन्हा. उन्हात, भर दुपारी. आत येत नाही. वाजवतो आणि थांबतो. अदबीने.

येसूबाई दोन दिवस कामाला आली नाही.

२४ जून

काल अवस. रिकामी जागा कोणीतरी भरायला हवी, म्हणून नामा आज स्वतः पुढे जाऊन उघाडीवर उभा राहिला. पाणी चढलं. तो पाय उचलायला गेला तर उचलेनात. सहा जणांनी दोर लावून ओढला. छातीपर्यंत चिखल. त्या जागी गुडघाभरही चिखल नाही, मी स्वतः काठी घालून पाहिलं आहे.

तेव्हापासून बोलत नाही तो. पुढच्या पुनवेला आषाढाचं मोठं उधाण आहे. काळूराम म्हणतो, टोकाला माणूस नसला तर बांध जाईल आणि बांधाबरोबर वाडी. जाणार कोण? पुन्हा नामाच म्हणे. एकदा उभा राहिला त्याचीच ती जागा.

येसूबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. शिव्या दिल्या नाहीत.

२६ जून

पंख्याचा हात परत उघाडीला लावला. हाक दिली. उत्तर नाही. तो आता तिथला राहिलेला नाही — मीच त्याला —

दारावर तीनदा.

२९ जून

ती टकटक कुठे ऐकली ते आठवलं. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सणाच्या आदल्या रात्री एकेकीने पाळीने जागून प्रार्थना करायची असे. जिची वेळ संपे ती पुढच्या मुलीच्या दारावर अशीच वाजवी. आत यायचं नाही. ती उठून उभी राहीपर्यंत झोपायला जायचं नाही.

इथलं आता मी बघते. मीच म्हटलं होतं. खणखणीत.

त्याने मला उठवायला —

४ जुलै

चांगदेवला तार करू शकते. बोट चालू आहे. ट्रंक भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. बसवत नाही. उभं राहवत नाही.

मी गेले तर नामा.

आज दार उघडं ठेवलं. तो दिसला — पाठमोरा, ओला, कातडी टोपी, खांदे पडलेले. केवढासा पोरगा. चेहरा वळवू नकोस, म्हटलं. नाही वळवला.

७ जुलै, पुनव

उद्या मोठं पाणी. येसूबाईला सांगितलं, नामाला मधे उभा कर, टोकाला नको. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी तिला ओरडले.

८ जुलै

उघाडीवर. छत्री उलटी झाली. वही मेणकापडात धरली आहे — हजेरी वहीशिवाय नाही —

पाणी माथ्याशी. काळं.

तो बांधाच्या आतल्या बाजूला उभा. कोरडा. पहिल्यांदाच कोरडा. पंख कलता करावा तसा जरासा खांदा —

हाक निघाली. काळूराम हाय. पुढचा हाय. नामा हाय. आवाज फुटला त्याला, देवा. त्याच्या पुढचे सगळे हाय. आता माझ्याकडे —

हाय, म्हटलं मी. मोठ्याने.

पाणी थांबलं. खरंच थांबलं. तो वैमानिक पोरगा गेला, शेतांवरून, पळत, सुट्टीला निघालेल्या —

ओहोटी लागली. माणसं घरी निघाली. येसूबाई हात करतेय, ये म्हणून. येते.

पाय —

गुडघाभरही चिखल नाही इथे, मी काठी घालून —

नामा धावत येतोय. त्याला येऊ देऊ नका, कोणीतरी त्याला —