बेथोकपणजीची आई

बेरिक, ३ ऑगस्ट १२९१

ती. म्यूरिएलताईस,
गिलख्रिस्तचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. राजाची गादी रिकामी झाल्यापासून अर्धा देश इथेच लोटलाय. दावेदार डझनभर, आणि जो तो म्हणतो, राजाचं नाक माझंच! आपले खापरपणजोबा राजे होते हे दावे तपासणाऱ्या कारकुनांनी मान्य केलं. बेथोकपणजी त्यांची मुलगी, हेही. पण तिची आई राजाची लग्नाची बायको होती का, असं विचारलं. मी म्हटलं, असणारच. तर म्हणाले, कागद आणा.

बारा तारखेला माझी पाळी आहे. तेव्हा पणजीची पेटी उघड आणि लग्नाचा कागद शोधून पाठव. दावा लावायचा तर पंच म्हणून आलेल्या इंग्लंडच्या राजाला आधी धनी मानून शिक्का उठवावा लागतो. तेवढं केलं की झालं. मग तुला चुलीपासून लांब, मानाची खुर्ची!

घरच्या सर्वांस नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
गिलख्रिस्त

लॉडर, ६ ऑगस्ट

चि. गिलख्रिस्त यास,
म्यूरिएलचे अनेक आशीर्वाद.

मी सांगतेय आणि पाद्री निनियन लिहून घेतायत. पेटी उपसली. बेथोक माझी मुलगी, तिला ही जमीन दिली, असा राजाचा कागद आहे. लग्नाचा नाही, कारण लग्न झालंच नव्हतं. बेथोकची आई पर्थच्या कोळ्याची मुलगी, राजाच्या मुदपाकखान्यात मासे घालायची. आजी मला सांगून गेली होती. तुला सांगितलं नाही, कारण तू तेव्हा काठीचा राजदंड करून मेंढ्यांना हुकूम सोडत होतास. मेंढ्या ऐकत नसत.

पाद्रीबाबा म्हणाले, जुनं चामडं आहे माझ्याकडे, शाईत धुराची काजळी घातली की शंभर वर्षांचा कागद तयार. मी त्यांना चांगलंच झापलं. ते आत्ता हेच वाक्य लिहितायत आणि कानापर्यंत लाल झालेत.

खोटेपणा पकडला गेला तर तुझी मान जाईल. नाही पकडला तर तू राजा होशील, ते त्याहून वाईट! आणि तू ज्याला ‘तेवढं’ म्हणतोस ना, तो शिक्का उठला की आम्हा सगळ्यांचा धनी बदलतो. मला विचारलंस?

शेतातला ओट कापायला आलाय. राग आला तरी जेवत जा.
तुझी ताई, म्यूरिएल

बेरिक, १२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर चिडलो होतो. भूकच मेली, रात्री चारच हेरिंग मासे खाल्ले. तिसऱ्या दिवशी वाटलं, खरंच, तुला विचारलंच नाही मी.

आज पाळी आली. शिक्का पिशवीतून काढलाच नाही. सरळ सांगितलं की पणजीची आई मासे विकायची, लग्न झालं नव्हतं, माझा दावा मी मागे घेतो. एक सरदार म्हणाला, तरीच मघापासून मासळीचा वास येतोय. सगळे हसले. मीही हसलो.

कारकून माझं पान फाडायला निघाला, तसा मी त्याचा हात धरला. म्हटलं, माझं नाव खोडा, पण राजाला बेथोक नावाची मुलगी होती, हे राहू द्या. घरच्या पेटीतला कागद सोडला तर तिचं नाव कुणी कुठे लिहिलेलंच नाही. म्हातारा भला निघाला. म्हणाला, बरं, तिच्या आईचं नाव सांगा.

ताई, मला ते ठाऊकच नव्हतं! लाजेनं मेलो. त्यानं परवापर्यंत जागा कोरी ठेवलीय. लगेच कळव.

तुझा, आता निव्वळ मेंढ्यांचा राजा,
गिलख्रिस्त

लॉडर, १३ ऑगस्ट

चि. गिलख्रिस्त यास,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावलं आणि पाद्रीबाबांना ते पुन्हा वाचायला लावलं. त्यांचा घसा बसला.

तिचं नाव ओराबिला. राजानं मासा मागितला तरी ती साफ करून देत नसे. हात आहेत ना, घ्या साफ करून, म्हणायची. हेही लिहून घेतात का, विचार.

वाट पाहणारी,
म्यूरिएल