शेवाळ्याचे दोन उजवे हात

मी, लोरीन हॅस्केट, कै. ड्यूई हॅस्केट यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार टर्टल बेंड, आर्कान्सा, तळ्याकाठचे हिरव्या छपराचे घर, धंदा पूर्वी मासे कापणे व सध्या काही नाही, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. टीग वकील म्हणाले, "एवढंच लिहा, पुढे खुलासा नको." पण खुलासा हवा. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि तरी मी गेली पन्नास वर्षे गोंधळलेली आहे. या दोन्ही गोष्टी एका डोक्यात नांदू शकतात. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही. यापूर्वी केलेली तिन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. तिन्ही एकाच कलमाशी येऊन अडली होती. ते कलम पुढे येईल.

कलम पहिले. राहते घर, त्यामागची जमीन आणि होडी माझी एकुलती मुलगी ग्लेंडा हिला द्यावी. मागच्या दाराची दुसरी पायरी कुजली आहे, तिच्यावर उजव्या कडेने पाय टाकावा. होडी गळते, पण कोणीतरी सतत पाणी उपसत राहिले तर बुडत नाही.

कलम दुसरे. शिवणयंत्र चर्चमधल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या मंडळाला द्यावे. या यंत्रावर राक्षस शिवलेला आहे हे त्यांना आधीच सांगावे, मागाहून कुरकुर नको. माझी मैत्रीण ओपल स्वेट हिला या मृत्युपत्रात काहीही ठेवता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला वाटा नाही असा कायदा टीग वकील सांगतात. म्हणून तिला हवे असलेले झाकणाचे भांडे मी कालच तिच्या घरी पोचवले. कायद्याने कालच्या दिवसाबद्दल काही म्हटलेले नाही.

कलम तिसरे. माडीवरच्या खोक्यात एकतीस रबरी हातमोजे आहेत, सगळे उजव्या हाताचे. ते रॉइस पेटिबोन याला कॅलिफोर्नियाच्या पत्त्यावर पाठवावेत, टपालखर्च त्याच्याकडून घ्यावा. याचे कारण सविस्तर लिहिते.

सन १९६८च्या उन्हाळ्यात रॉइस भाड्याचा कॅमेरा घेऊन आमच्या गावात आला आणि त्याने 'शेवाळ्याचा सूड' नावाचा सिनेमा काढला. तळ्यातून शेवाळ्या नावाचा हिरवा राक्षस निघतो आणि माणसे ओढून नेतो, इतकीच गोष्ट. राक्षसाचे काम माझ्या नवऱ्याने केले, कारण तो उंच होता आणि बेकार होता. राक्षस मी शिवला. अंग गोणपाटाचे, केस फरशी पुसायच्या कुंच्यांचे, पोट जुन्या गादीचे, पाठीची चेन ड्यूईच्या शिकारीच्या झोपण्याच्या पिशवीची. सगळे हिरव्या रंगात उकळले ते माझ्या मुरंब्याच्या पातेल्यात. त्यानंतर त्या पातेल्यात मुरंबा कधी केला नाही.

राहिले हात. मी आणि ओपल तेव्हा मासे कापण्याच्या कारखान्यात कामाला होतो. डाव्या हाताने शिंगाळा धरायचा, उजव्याने सुरी चालवायची. शिंगाळ्याचे काटे डावा हातमोजा आठवड्यात चाळण करतात, उजव्याला ओरखडा येत नाही. म्हणून कारखान्यात उजव्या हातमोज्यांचा नेहमी ढीग असे आणि डावा एकही शिल्लक नसे. मी ढिगातून खोकेभर घरी आणले आणि त्यांतले दोन लावले. शेवाळ्याचा डावा हातसुद्धा उजवाच आहे, तळहाताची बाजू मागे करून चढवलेला. आमच्या गावात कोणी याबद्दल अवाक्षर काढले नाही, खरे कारण सगळ्यांना ठाऊक होते.

आता ओहायोतल्या एका प्राध्यापकाने त्या दोन उजव्या हातांवर दोनशे पानांचे पुस्तक लिहिले आहे. मी चाळीस पाने वाचली. त्यात म्हटले आहे की राक्षसाला डावा हात नाही, म्हणजे त्याला घर नाही. रॉइसने एका मुलाखतीत छाती फुगवून सांगितले की ही कल्पना त्याची होती. त्याला बाकीचे एकतीस पाठवा. कल्पना त्याची आहे ना, मग वापरू दे.

कलम चौथे. ड्यूईचे फोटो. कपाटात तीन खोकी आहेत, त्यांतल्या फोटोंवर त्याची सही आहे. जूनमधल्या शोला जो येईल त्याला एकेक फुकट द्यावा.

हा शो गावाबाहेरच्या माळावर होतो, मोटारीत बसून सिनेमा बघायच्या थिएटरात. पहिल्या वेळी, अडुसष्ट साली, लोकांनी पडद्यावर मक्याची कणसे फेकली होती. सिनेमा चार दिवसांत उतरला आणि शाळेतली पोरे सोडली तर आम्ही सगळे तो विसरलो. मग वीस वर्षांनी कुठल्याशा टीव्हीवर लागला असावा, कारण एके दिवशी ओहायोहून सहा मोटारी आल्या. पुढच्या वर्षी चाळीस. आता चारशे येतात. चेन दिसली की भोंगे वाजवतात. राक्षसाचा पाय होडीत अडकतो तिथे सगळे मिळून "उचल, बाबा, उचल!" ओरडतात. मी तिथे लाह्या विकते आणि दरवर्षी बघते, आणि मला काही उमगत नाही. वाईट आहे म्हणून हसायला येतात म्हणावे, तर शेवटी रडतात का? आणि रडायला येतात म्हणावे, तर हातमोजे कशाला घालतात?

टल्साचा एक ट्रकवाला बायको गेल्यापासून एकटाच येतो. त्याला मी एकदा सरळ विचारले, "अहो, एवढे चांगले सिनेमे निघतात, तुम्ही हाच का बघता?"

तो म्हणाला, "बाई, वर्षभर सगळं नीट केलेलंच बघतो. इथं सगळं चुकतंय, आणि तरी कुणी थांबत नाही. ते बघितलं की बरं वाटतं."

मला काही कळले नाही. मी त्याला लाह्या जास्त दिल्या.

आणि शेवटचे दृश्य. शेवाळ्या तळ्यात परत जाता जाता थांबतो, वळून घराकडे बघतो आणि डावा हात वर करतो. त्याची करंगळी खाली लोंबते. तेवढ्यावर चारशे मोटारींच्या चारशे खिडक्यांतून डावे हात बाहेर येतात, स्वयंपाकघरातले रबरी मोजे घातलेले, करंगळी दुमडलेली. मोठमोठे मिशीवाले बाप्ये हुंदके देतात. सिनेमा संपला की ड्यूईभोवती गर्दी होई. "काय अभिनय केलात हो! ती करंगळी!" ड्यूई म्हणे, "आभारी आहे." खोटे असे तो कधी बोलला नाही. फक्त आभारी आहे म्हणाला, बारा वर्षांपूर्वी जाईपर्यंत.

कलम पाचवे. शेवाळ्याचा पोशाख. हे ते अडलेले कलम. ग्लेंडाला हा पोशाख डोळ्यांसमोर नको असतो. शाळेत पोरे तिला "शेवाळ्याची पोर" म्हणत, "तुझा बाप आंघोळ तळ्यातच करतो का गं?" असे विचारत. ती लिटल रॉकला राहायला गेली ती बरीचशी यामुळेच. जूनचा शो तिने उभ्या जन्मात पाहिलेला नाही. मागच्या नाताळात ती म्हणाली:

"अगं आई, तो कॅलिफोर्नियाचा संग्रहालयवाला परत फोन करतोय. काचेच्या पेटीत ठेवीन म्हणतो. देऊन टाक ना. घरातले उंदीर तरी कमी होतील."

"मग इथल्या शोला काय दाखवायचं?"

"त्या वेड्यांना काहीही चालतं. एक मॉप उभा कर."

पहिल्या मृत्युपत्रात मी पोशाख थिएटरचा मालक व्हर्डेल याला दिला होता. दुसऱ्यात कॅलिफोर्नियाच्या त्या संग्रहालयाला दिला. तिसऱ्यात जाळून टाका असे लिहिले आणि दोन रात्री झोपले नाही. आता लिहिते की पोशाख ग्लेंडालाच द्यावा. तिने तो विकला, व्हर्डेलला दिला किंवा जाळला तरी माझी हरकत नाही. फक्त त्याआधी पुढचे कलम तिला वाचून दाखवावे. टीग वकिलांना सूचना आहे की हे मी गेल्या गेल्या करावे, शवपेटी बंद होण्याच्या आत. वकील म्हणाले, "लोरीनबाई, हे कोर्टात दाखल झालं की गावभर होईल. ड्यूईचं नाव जाईल." दोन दिवस मी विचार केला. ड्यूईला मी उन्हाळाभर गोणपाटात घामाने निथळताना पाहिले आहे. होडीत पाय अडकतो तो त्याचाच, आणि लोक त्यालाही ओरडतात. त्याचे त्याच्यापाशी राहील.

कलम सहावे. ग्लेंडा, शेवटचे दृश्य तुझ्या बापाने केलेले नाही. त्या दिवशी त्याच्या कानात तळ्याचे पाणी जाऊन कान एवढा सुजला होता की राक्षसाचे डोके बसेना, अंगात ताप. कॅमेरा दुसऱ्या दिवशी परत जायचा होता. रॉइस मला म्हणाला, "तूच घाल, लोरीन. शिवलंस तूच."

मी म्हटले, "माझी उंची बघितलीस का?"

"राक्षस लांब आहे. लांबून सगळे सारखेच दिसतात."

भर दुपार होती. कॅमेऱ्यापुढे काळी काच लावून तिची रात्र केली होती. मी पाण्यात कमरेपर्यंत उभी होते. समोर नायिकेचे घर म्हणून आपलेच घर होते, कारण ते फुकट मिळाले. रॉइसने सांगितले होते, थांब, वळ, बघ, जा. हात वर कर असे त्याने कधीही सांगितले नव्हते.

मी वळले तर तुझी आजी उकडते म्हणून तुला घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसलेली. तू दोन वर्षे चार महिन्यांची होतीस. त्या राक्षसाला बघून शेजारचा कुत्रा आठवडाभर घराखालून बाहेर आला नव्हता. तू मात्र बघितलेस आणि हात हलवलास. मग मी काय करणार? मीही हात केला. उजव्या हाताने झाडाचे मूळ धरले होते, म्हणून डावा. माझी डावी करंगळी वर्षभर आधीच कारखान्यात गेली होती, म्हणून मोज्याचे ते बोट रिकामे लोंबले. हा सगळा अभिनय.

तीस वर्षे मी नऊ बोटांनी त्या लोकांना लाह्या देते आहे आणि एकानेही बोटे मोजली नाहीत. ओपलने मोजली. पहिल्याच शोला, कणसे उडत असताना, ती माझ्या कानात म्हणाली, "ते बोट तुझंच ना गं?" मी म्हटले, "गप बस." ती गप्प बसली, आणि ओपलला ओळखणाऱ्यांना कळेल की ही लहान गोष्ट नाही.

मी हे आधी का सांगितले नाही ते मलाच नीट सांगता येत नाही. तू त्या राक्षसाची लाज बाळगत मोठी झालीस. तो तुझी आई होता हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

कलम सातवे व शेवटचे. मला पेटीत ठेवताना माझ्या डाव्या हातात शेवाळ्याचा डाव्या बाजूचा मोजा घालावा. अंत्यविधीवाल्यांना बजावून सांगावे की करंगळीत कापूस भरू नये. लोक रीतीप्रमाणे पेटीजवळून जातील, ज्याला दिसेल त्याला दिसेल. शेवाळ्याला एकच उजवा हात उरेल. पोशाख ठेवायचा ठरवलास, ग्लेंडा, तर त्याला खरा डावा शिवून दे.

त्या लोकांना पडद्यावर काय दिसते हे मला कळले नाही, आणि आता कळेल असे वाटत नाही. पण तुला काय दिसले ते मला कळायला हवे होते. त्या दिवशी पायरीवरून तू राक्षसाला हात केलास, की आत मी आहे हे तू ओळखलेस? दोन वर्षांच्या मुलीला काय आठवणार. तरी आठवलेच, तर पेटी बंद होण्याआधी जवळ येऊन सांग.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

लोरीन हॅस्केट (सही)
टर्टल बेंड, आर्कान्सा, दिनांक ३ मे २०१९

साक्षीदार पहिला: रेव्हरंड हार्लन बॉग्ज. बाईंनी माझ्यासमोर सही केली. चष्मा लावला होता.

साक्षीदार दुसरी: ओपल स्वेट. सही माझ्यासमोर झाली. बोट गेले तेही माझ्यासमोरच.